कुत्र्याची नखं: किती कापायची, कशी कापायची आणि कुणी कापायची

कुत्रा घरात चालताना फरशीवर टकटक आवाज येत असेल, तर त्याची नखं वाढली आहेत असं समजायला हरकत नाही. सपाट जमिनीवर तो सरळ उभा असताना नखं जमिनीला टेकायला नकोत. खात्री करायची असेल तर एक साधा कागद नखांखालून सरकवून बघा. न अडकता गेला, तर लांबी ठीक आहे. काही कुत्र्यांचे पंजे मुळातच पसरट असतात. त्यांची नखं किंचित टेकतात आणि त्याहून आखूड करता येत नाहीत. बाकी बहुतेकांच्या बाबतीत आवाज येतोय म्हणजे काम राहिलंय.

नखं कापणं म्हणजे आंघोळ घालणं किंवा केस विंचरणं यासारखंच एक वरवरचं काम, असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. कुत्रा आपल्यासारखा अख्खं पाऊल टेकवून चालत नाही, तो बोटांवर चालतो. नख लांब असलं की प्रत्येक पावलाला जमीन त्या नखाला मागे रेटते आणि तो दाब थेट बोटाच्या सांध्यावर जातो. हे टाळायला कुत्रा बोटं फाकवतो, वजन मागच्या पायांवर घेतो, उभं राहण्याची पद्धतच बदलतो. जमिनीवर पकड घ्यायचं काम पंज्याच्या गाद्यांचं असतं, पण लांब नखांमुळे त्या नीट टेकतच नाहीत. मग गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात. तरुण कुत्रा हे निभावून नेतो. सांधेदुखी असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र झोपेतून उठायचीही भीती वाटायला लागते, आणि आपण म्हणतो की वय झालं. त्यातलं काही वयामुळे असतंच, पण काही नखांमुळे असतं आणि तेवढं तरी आपल्या हातात आहे.

शिवाय मांजरासारखी नखं आत ओढून घेण्याची सोय कुत्र्याला नाही. लांब नख गालिच्यात, पायपुसण्यात किंवा एखाद्या फटीत अडकतं आणि अर्ध्यातून तुटतं, नाहीतर मुळापासून उचकटतं. हे दुखणं भयंकर असतं.

फिरायला नेलं की नखं आपोआप झिजतात, हे अर्धंच खरं आहे. खडबडीत रस्त्यावर रोज भरपूर चालणाऱ्या कुत्र्याची मागची नखं बऱ्यापैकी झिजतात. पुढची कमी झिजतात. गवतात किंवा मातीत फिरणाऱ्याची तर फारशी झिजतच नाहीत. आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून थोडं वर एक नख असतं, आपल्या अंगठ्याच्या जागी. त्याला ड्यूक्लॉ म्हणतात. चालताना ते जमिनीला लागतच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्नच येत नाही. ते गोल वळत वळत वाढतं आणि लक्ष दिलं नाही तर कातडीत रुततं. लांब केसांच्या कुत्र्यात तर ते केसांत लपून राहतं, आणि कुत्रा पाय सारखा चाटायला लागला की मगच कुणीतरी केस बाजूला करून बघतं. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या प्रत्येक पायाला ड्यूक्लॉ धरून पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी एकूण 18 नखं असतात. काहींना मागेही ड्यूक्लॉ असतो. ग्रेट पिरनीज, ब्रियार्ड, बोसरॉन या जातींत तर मागच्या पायाला दोन-दोन असतात. तेव्हा आपल्या कुत्र्याची नखं एकदा हात फिरवून मोजून ठेवा.

नखाच्या आत काय असतं

बाहेरचं कवच केराटिनचं असतं, आपल्या नखांसारखंच. ते निर्जीव असतं, कापलं तरी दुखत नाही. पण आपलं नख सपाट असतं आणि कुत्र्याचं नख म्हणजे बोटाच्या शेवटच्या हाडाभोवती बसलेलं वाकडं टोपण. या टोपणाच्या आत जिव्हाळी असते. दवाखान्यात किंवा ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांची नखं-केस कापून देणाऱ्याकडे, तिला क्विक म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कात्री तिच्यापर्यंत पोचली की रक्त येतं आणि जोरात कळ जाते. नखं कापण्यातलं सगळं कौशल्य हे कवच किती काढायचं आणि जिव्हाळीच्या अलीकडे कुठे थांबायचं, एवढ्यापुरतं आहे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जिव्हाळी एका जागी राहत नाही. नख वाढू दिलं की तीही नखाबरोबर पुढे सरकते. नख नियमित कापत राहिलं की ती हळूहळू मागे हटते. म्हणून महिनोन्महिने न कापलेली नखं एका दिवसात आखूड करता येत नाहीत. कितीही निष्णात माणूस असला तरी जिव्हाळी जिथे आहे, तिथपर्यंतच त्याला कापता येतं. तो टोकं काढून देतो, आठवड्याभरात पुन्हा टकटक सुरू होते, आणि आपण म्हणतो की त्याने नीट कापलीच नाहीत. त्याने बरोबर कापलेली असतात. चुकीचं असतं ते दोन कापण्यांमधलं अंतर.

आधीच बेताच्या लांबीची असलेली नखं तशीच ठेवायला साधारण 3 ते 4 आठवड्यांनी कापली तरी पुरतं. वाढून गेलेली नखं मागे आणायची असतील, तर दर आठवड्याला, फार तर दहा दिवसांनी थोडं थोडं काढावं लागतं. असं काही महिने चाललं की फरक दिसतो.

घरी कापायची की बाहेर, या प्रश्नाचं उत्तरही इथेच दडलंय असं माझं मत आहे. कोण जास्त सफाईने कापतो हा मुद्दा नाही. इतक्या वेळा, कुत्र्याला न घाबरवता, हे कोण करू शकतं हा मुद्दा आहे. दर आठवड्याला कुणाकडे घेऊन जाणं बहुतेकांना जमत नाही. त्यामुळे शक्य असेल तिथे घरी शिकून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगते. आणि जिथे घरी दर वेळी झटापट होत असेल, तिथे हट्ट सोडून माहीतगाराकडे जावं, हेही तितक्याच आग्रहाने.

हत्यारं

कुत्र्यांचे नेलकटर मुख्यतः दोन प्रकारचे येतात. एकात नख गोल भोकात घालायचं असतं आणि पातं सरकून कापतं. लहान कुत्र्यांच्या बारीक नखांना हे चालतं. दुसरा पकडीसारखा, दोन वाकड्या पात्यांचा. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांच्या जाड नखांना हाच बरा. कुठलाही घ्या, पण पातं धारदार हवं. बोथट पातं नख कापायच्या आधी चेपतं, आणि तो दाब जिव्हाळीला लागतो. कापण्याची जागा बरोबर असूनही कुत्रा पाय झटकत असेल, तर आधी पातं तपासा. माणसांचा नेलकटर सपाट नखांसाठी केलेला असतो, तो गोल नख चेपतो आणि चिरफाळतो. तेव्हा तो नकोच.

तिसरा पर्याय ग्राइंडर. हे छोटं फिरतं यंत्र नख घासून कमी करतं. काळ्या नखांसाठी मला ते जास्त भरवशाचं वाटतं, कारण एकदम जास्त कापलं जायची भीती राहत नाही आणि कडाही गोल होतात. पण ते गरम होतं. एका नखावर एक-दोन सेकंद टेकवायचं, उचलायचं, मग पुन्हा टेकवायचं. ते चालू असताना दुसऱ्या हाताने बोट नीट आधार देऊन धरायचं, म्हणजे कंपनं पायभर जाणवत नाहीत. लांब केस यंत्रात गुंडाळले जातात, त्यामुळे पंज्यावर जुना पातळ मोजा चढवून त्यातून फक्त नखं बाहेर काढली की सोपं पडतं. घासताना बारीक भुकटी उडते, म्हणून खिडकी उघडी असावी.

या सगळ्याला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी आणखी एक सुरेख उपाय आहे. फळीवर सँडपेपर चिकटवायचा आणि कुत्र्याला त्यावर पंजा ओढायला शिकवायचं. नखं तो स्वतःच घासतो. पुढच्या पायांसाठी हे छान जमतं. मागच्या पायांना आणि ड्यूक्लॉला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रत्यक्ष कापताना

जागा उजेडाची हवी आणि पायाखाली न घसरणारं काही तरी अंथरलेलं हवं. घसरण्याच्या भीतीनेच अर्धे कुत्रे अस्वस्थ होतात. बसून, उभं राहून किंवा कुशीवर पडून, कुत्र्याला जसं सोयीचं असेल तसं. पाय उचलताना तो पुढे-मागेच हलवायचा, बाजूला ताणायचा नाही. कुत्र्याचे खांदे, गुडघे बाजूला फाकायला बनलेले नाहीत. मागचा पाय तर जमिनीपासून थोडाच उचलावा. म्हाताऱ्या कुत्र्याने पाय ओढून घेतला तर तो आडमुठेपणा करतोय असं समजू नका, त्याचं बहुतेक दुखत असतं.

बोट अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलकं धरा, वरून अंगठा आणि खालून गादीला बोट. किंचित दाबलं की नख पुढे येतं. आजूबाजूचे केस मागे सारा.

नख पांढरं असेल तर काम सोपं. आतली गुलाबी जिव्हाळी बाहेरून दिसते. ती संपते तिथून सुमारे 2 मिलिमीटर पुढे कापायचं. मागून मोबाइलचा टॉर्च धरला तर आणखी स्पष्ट दिसते.

काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही. टॉर्चचाही उपयोग होत नाही. इथेच लोकांचा धीर सुटतो, म्हणून हे जरा सावकाश बघू. आधी नख खालच्या बाजूने पाहा. वाढलेल्या नखाच्या टोकाकडे खाली एक खाच दिसते, दोन कडा आणि मध्ये पोकळ. ही खाच मागे जाते तशी भरत जाते. पोकळ भागात बहुधा जिव्हाळी नसते. सुरुवात अगदी टोकापासून करा. एक पातळ चकती काढा आणि कापलेल्या जागेकडे समोरून बघा. सुरुवातीला ती कोरडी, पांढरट-करडी, खडूसारखी भुसभुशीत दिसेल. आणखी एक चकती. पुन्हा बघा. दोन-चार चकत्यांनंतर मधोमध एक गडद ठिपका दिसायला लागतो, आणि तिथला भाग ओलसर, चकचकीत, मऊ वाटतो. जिव्हाळी आता अगदी जवळ आली आहे. इथे थांबायचं. ठिपका नीट दिसल्यावर आणखी एक चकती काढायचा मोह होतो, तो आवरा. भोवतालच्या तीक्ष्ण कडा मात्र तिरक्या कापून किंवा घासून गोल करता येतात. त्याने जिव्हाळीला धक्का न लागता नख जमिनीपासून थोडं सुटतं.

कुत्र्याची काही नखं पांढरी आणि काही काळी असतील तर तुम्ही नशीबवान आहात. पांढऱ्या नखात जिव्हाळी कुठवर आहे ते बघून शेजारच्या काळ्या नखाचा अंदाज बांधता येतो. हा अंदाज ड्यूक्लॉला मात्र लावू नका, ते झिजत नसल्याने त्याचं गणित वेगळं असतं.

पातं साधारण 45 अंशात तिरकं धरायचं आणि एकदा ठरवलं की झटकन कापायचं. घाबरत घाबरत हळूहळू दाबलं की नख चेपतं आणि कुत्र्याला जास्त लागतं.

खरी अडचण भीतीची आहे

कापण्याची रीत एका दुपारी शिकून होते. कुत्र्याने पंजा विश्वासाने हातात देणं, याला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पंज्याला हात लावलेला अनेक कुत्र्यांना मुळातच आवडत नाही. त्यात एकदा जिव्हाळी कापली गेली असेल, वर चार जणांनी दाबून धरलं असेल, तर नेलकटर ठेवलेला खण उघडल्याचा आवाजही त्याला पुरतो.

दाबून धरून पटकन उरकून टाकणं, हा सल्ला मला मान्य नाही. त्या दिवसापुरतं काम होतं, पण पुढच्या वेळी दोन जण जास्त लागतात. कुत्रा यातून शिकतो ते इतकंच, की सुटण्यासाठी आणखी जोर लावायला हवा. आणि जे काम आयुष्यभर दर काही दिवसांनी करायचंय, ते असं किती वर्षं करणार?

त्याऐवजी तुकडे करा. पहिले काही दिवस नेलकटर लांबच राहू दे. खांद्याला हात लावा, खाऊ द्या. हात कोपरापर्यंत खाली न्या, खाऊ द्या. मग पंज्यापर्यंत. मग एक बोट क्षणभर धरा आणि सोडा. क्रम महत्त्वाचा आहे, स्पर्श आधी आणि खाऊ नंतर. खाऊ आधी दाखवून मग पाय पकडला, तर कुत्रा उलटंच शिकतो. खाऊ दिसला की काही तरी वाईट होणार, असं त्याच्या डोक्यात बसतं आणि तो खाऊलाही भ्यायला लागतो. पंजा धरल्यावर तो स्वतःहून तुमच्या तोंडाकडे, म्हणजे आता खाऊ येणार अशा आशेने, बघायला लागला की समजा पायरी पक्की झाली.

मग नेलकटर आणा. नुसता जमिनीवर ठेवा, त्याने हुंगला की खाऊ. त्याच्यासमोर काडेपेटीतली काडी कापा, तो कट्‌ आवाज झाला की खाऊ. ग्राइंडर असेल तर आधी दुसऱ्या खोलीत चालू करा, रोज थोडा जवळ आणा. नंतर पातं नखाला नुसतं टेकवा. आणि मग एके दिवशी, एका नखाचं अगदी टोक.

त्या दिवशी तेवढंच. रोज एक नख कापलं तरी 18 दिवसांत एक फेरी पूर्ण होते, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत. सगळी नखं एकाच बैठकीत झाली पाहिजेत असा नियम कुणी केलेला नाही, पण जवळजवळ प्रत्येक घरात झटापट होते ती याच समजुतीने. रोज एक नख हा काही कमीपणा नाही. जिव्हाळी मागे हटवायला थोडं थोडं आणि वारंवार कापणंच लागतं. कुत्र्याला जे सोसतं, तेच नखालाही मानवतं.

कुत्रा काय सांगतोय ते वाचायला शिका. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, मान फिरवून घेणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, शेपूट आत घेणं, एकदम ताठ होऊन श्वास रोखणं. तो नको म्हणतोय. इथेच एक पायरी मागे गेलात तर गुरगुरण्याची वेळ येत नाही. आणि गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. तीच मारून गप्प केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. ताठ होऊन निमूट पडलेला कुत्राही शांत असतो असं नाही, खूपदा तो घाबरून थिजलेला असतो. ‘आमचा काहीच करत नाही, गुपचूप कापून घेतो,’ असं सांगणाऱ्यांनी एकदा त्याच्या डोळ्यांकडे नीट बघावं.

मदतीला दुसरं माणूस असेल तर त्याने धरायचं नाही, खाऊ द्यायचा. मुळात फारसं न घाबरणाऱ्या कुत्र्यासमोर चाटायला काहीतरी ठेवलं तरी काम होतं. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा. त्यात झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असेल तर ते कुत्र्याला देऊ नका. माणसाला चालणारा हा पदार्थ कुत्र्याला विषारी आहे, रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतो.

पिल्लू असेल तर हे सगळं घरी आणल्यापासूनच सुरू करा. नखं कापायची गरज नसली तरी रोज पंजे हाताळा. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत ओळखीच्या झालेल्या गोष्टी पुढे आयुष्यभर सोप्या जातात.

रक्त आलं तर

कधी ना कधी येतंच. व्यावसायिकांच्या हातूनही येतं. निरोगी कुत्र्याला त्यातून धोका नसतो. फरशीवर ते दिसतं फार, पण असतं थोडंच.

स्टिप्टिक पावडर, म्हणजे रक्त थांबवणारी पावडर, आधीच शेजारी उघडून ठेवलेली असावी. कुत्र्याला सोडून ती शोधायला गेलात की घरभर ठिपके झालेच म्हणून समजा. चिमूटभर पावडर बोटावर किंवा कापसावर घेऊन नखाच्या टोकाला दाबून धरा, दोन-तीन मिनिटं, मध्येच उचलून न बघता. ती झोंबते, त्यामुळे कुत्रा पाय ओढेल हे गृहीत धरा. पावडर नसेल तर कॉर्नफ्लोअर वापरता येतं. त्याने रक्त थांबायला जरा जास्त वेळ लागतो. नंतर काही तास पळापळ नको, ओली जमीन नको. आणि त्या दिवशी उरलेली नखं कापू नका.

वीस-तीस मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर पशुवैद्याकडे जा. हे नखापुरतं नसण्याची शक्यता असते. वॉन विलब्रँड या आनुवंशिक आजारात रक्त नीट गोठत नाही आणि डॉबरमनमध्ये तो बराच आढळतो. गोचिडांमुळे होणाऱ्या काही तापांत रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात. उंदीर मारायचं औषध पोटात गेलं असेल तरीही रक्त गोठत नाही, आणि तो तर तातडीचा प्रसंग.

कात्री बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं असं काही

अर्धं तुटून लोंबणारं नख घरी ओढून काढू नका. त्याखाली जिव्हाळी उघडी असते. दवाखान्यात वेदनाशामक देऊन ते काढतात. कातडीत रुतलेलं ड्यूक्लॉही तसंच. ते कापून जखम साफ करावी लागते, कधी औषध चालू करावं लागतं.

एकामागून एक अनेक नखं सुटायला, चिरायला लागली, वेगवेगळ्या पायांची, तर ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी नावाचा आजार असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती नखाच्या मुळावरच उलटते. जर्मन शेफर्डमध्ये हा जास्त दिसतो. उपचार आहेत, पण महिनोन्महिने चालतात. याउलट एकच बोट सुजलंय, नख वाकडं झालंय किंवा पडलंय आणि जखम बरी होत नाहीये, असं असेल तर जंतुसंसर्ग म्हणून वाट बघत बसू नका. मोठ्या, काळ्या रंगाच्या कुत्र्यांमध्ये, उदाहरणार्थ काळे लॅब्राडॉर किंवा स्टँडर्ड पूडल, नखाच्या मुळाशी स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा कर्करोग होतो आणि तो सुरुवातीला अगदी साध्या जखमेसारखा दिसतो. एक्स-रे आणि तुकड्याची तपासणी केल्याशिवाय तो ओळखू येत नाही.

माहीतगाराकडे जायचं तर

घाबरण्यावर काम करायला तुमच्याकडे वेळ नसेल, तुमचा हात किंवा नजर साथ देत नसेल, कुत्रा चावायला येत असेल, नखं वळून गोल झाली असतील, तर जरूर जा. घरी स्वतः कापणार असलात तरी पहिल्यांदा एकदा ग्रूमर किंवा पशुवैद्याच्या माणसाकडून समोर बसून बघून घ्या, आणि एक नख त्यांच्यादेखत तुम्ही कापा. त्या एका नखाने जेवढं समजतं, तेवढं दहा व्हिडिओ बघून समजत नाही.

ग्रूमर निवडताना मी एकच प्रश्न महत्त्वाचा मानते: कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता? ‘थांबतो, थोडी विश्रांती देतो, नाहीच जमलं तर उरलेले पाय पुढच्या वेळी करतो,’ असं उत्तर आलं तर माणूस चांगला. ‘आमच्यापुढे कुणाचं चालत नाही,’ असं उत्तर आलं तर तिथून निघा. तुम्हाला शेजारी उभं राहू देतात का, तेही विचारा. काही कुत्रे मालक नसताना खरंच शांत राहतात, त्यामुळे बाहेर थांबा म्हणणं नेहमीच संशयास्पद नसतं. पण काचेतूनही बघू देत नसतील तर मी कुत्रा तिथे ठेवणार नाही. टेबलावर गळ्यात फास अडकवून कुत्र्याला एकटं सोडून जाणारे लोक असतात. तो खाली उडी मारतो आणि लटकतो. हे एकदा जरी दिसलं तरी पुन्हा तिथे जाऊ नका.

तुमच्याकडूनही त्यांना खरी माहिती मिळायला हवी. आधी कधी जिव्हाळी कापली गेली होती का, कुठल्या पायाला हात लावलेला खपत नाही, कंबर किंवा गुडघा दुखतो का, कुठलं औषध चालू आहे. पूर्वी चावला असेल तर लपवू नका. तोंडावर चढवायचं जाळीदार पिंजऱ्यासारखं मझल त्याला घरी खाऊ देत देत सवयीचं करून ठेवलं, तर ते घालूनही तो खाऊ खाऊ शकतो आणि सगळेच निर्धास्त राहतात. कापडी, तोंड घट्ट बांधणारं मझल मात्र जास्त वेळ ठेवू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो, आणि तोंड उघडता आलं नाही की त्याला ते जमत नाही.

आणि ‘एकदाच मुळापर्यंत आखूड करून द्या’ असं शुद्धीवर असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत कुणालाही सांगू नका. जिव्हाळी मागे हटायला लागणारा वेळ कुणीही विकत देऊ शकत नाही.

ज्याची भीती खरोखरच टोकाची आहे, त्याचं काम पशुवैद्याकडे. दवाखान्यात न्यायच्या आधी घरीच द्यायची गॅबापेंटिन, ट्राझोडोन यांसारखी शांत करणारी औषधं ते देऊ शकतात. मात्रा कुत्र्याच्या वजनावर, वयावर आणि इतर आजारांवर ठरते, त्यामुळे ती त्यांनीच ठरवायची. घरातल्या माणसांच्या झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्यांना विषबाधा होते. पशुवैद्याने दिलेल्या औषधांनीही भागलं नाही तर गुंगी देऊन नखं कापतात. नसबंदी, दात साफ करणं किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर भूल दिलेली असतानाच नखंही कापून घ्यायची विनंती आधीच करून ठेवा. वेगळी भूल टळते.

गुंगीत कापलेली नखं पुन्हा वाढायला लागतात, पण ती पुन्हा लांब होईपर्यंत हाताशी काही आठवडे असतात. या काळात नेलकटर बाहेर काढायचं कारण नाही, म्हणून कुत्राही सावध नसतो. खांद्यापासून पंज्यापर्यंत हात न्यायचा आणि खाऊ द्यायचा सराव याच आठवड्यांत सुरू करा.